मूर्खांचं हजेरीपत्रक

भुतांच्या सिनेमात मरणाऱ्या माणसांची मला काडीचीही दया येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला माझी दया यायचा प्रश्नच उरणार नाही.

आता बघा. एवढं मोठं घर, बाग, जिना, तळघर, आणि मालक ते मातीमोल भावात द्यायला तयार. का, असं एकही माणूस विचारत नाही. राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी तळघराचं दार आपोआप करकरतं. शहाणा माणूस काय करेल? पायात चपला सरकवेल आणि मावशीकडे राहायला जाईल. आमचा हिरो मात्र अंधारात खाली उतरतो. अरे बाबा, दिव्याचं बटण हाताशी आहे, दाब की! वर आणि विचारतो, "कोण आहे?" जसं काही भूत आतून सांगणारच आहे, "मी आहे हो, वाटीभर साखर हवी होती."

मग ते आरसे. तोंड धुवायला वाकायचं, सरळ व्हायचं, की मागे कोणीतरी उभं. तीस वर्षं झाली, अजून कोणाला बेसिनवरचा आरसा काढून ठेवायची बुद्धी होत नाही. मग ती चौघं जण, जी एकत्र असताना सुखरूप असतात आणि नेमकं म्हणतात, "आपण वेगवेगळे शोधू या." शोधा. आणि सगळ्यांत वरताण म्हणजे तो कॅमेरावाला. समोर मैत्रिणीला कोणीतरी पाय धरून फरफटत नेतंय आणि हा पठ्ठ्या हातातला कॅमेरा सोडत नाही. अरे मेल्या, ठेव ना तो खाली! या कॅमेरावाल्याला मी जितक्या शिव्या घातल्यात तितक्या कोणाला घातल्या नसतील.

तरी हे सिनेमे माझा जीव की प्राण. का, ते सरळ सांगतो. पडद्याच्या अलीकडे खुर्चीत बसलेला माणूस कधीच मूर्ख नसतो.

माझी एक वही आहे. पाहिलेल्या प्रत्येक भूतपटातल्या माणसांना मी तिच्यात मूर्खपणाचे मार्क देतो, शंभरपैकी. दार बंद न करणारा चाळीस, अंधारात उतरणारा साठ, आणि कॅमेरावाला कायम पंच्याण्णव. चारशे बारा सिनेमे झाले. माझी बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, लोकांना काय दिसतं आणि काय दिसत नाही हे दिवसभर तपासत असते. ती माझ्या वहीला मूर्खांचं हजेरीपत्रक म्हणते. भुतांच्या सिनेमात ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत उशीत तोंड खुपसून बसते आणि मधूनमधून विचारते, "मेला का?"

हा नाद मला लावला माझ्या ताईने. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, ताई एकोणीस. मला सांभाळायला कोणी नसायचं म्हणून ती मला सिनेमाला घेऊन जायची, आणि तिला आवडायचे भुतांचेच. भूत यायच्या बेताला आलं की तिचा तळहात माझ्या डोळ्यांवर. भूत गेलं की हात काढायची आणि म्हणायची, "झालं. आता बघ." मी अर्थात तिच्या बोटांच्या फटीतून सगळं बघून घेतलेलं असायचं. तिला ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे. ताईने लग्न केलं नाही. मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं, आणि मग आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर स्वतःचं छोटंसं घर घेतलं. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करते ती. सकाळी सातला बस येते, म्हणजे सव्वासहाला तिची आंघोळ. ही वेळ लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

आणि माझा धंदा? मी गॅसचे गिझर बसवतो आणि दुरुस्त करतो. बावीस वर्षं.

हं, आलं तुमच्या लक्षात! आता ही गोष्ट ऐकताना तुम्ही ओरडणार, "अरे गाढवा, मागे बघ!" खुशाल ओरडा. पडद्यातल्या माणसाला ऐकू येत नसतं, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

गॅसचा गिझर वाईट नाही. पण तो पेटला की हवा खातो, आणि बंद बाथरूममध्ये हवा संपली की जो वायू सोडतो त्याला ना रंग ना वास. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, छातीवर दडपण येतं, काहीबाही भास होतात आणि मग माणूस आडवा होतो. म्हणून मी प्रत्येक घरात लाल अक्षरांचं स्टिकर लावतो: 'गिझर चालू असताना खिडकी उघडी ठेवा. जिवाशी खेळू नका.' खाली माझा फोन नंबर. एक गिझरवर, आणि एक बाथरूमच्या दारावर, बाहेरून, डोळ्यांच्या उंचीला. आतलं वाफेने सुटून पडतं, दारावरचं टिकतं. ही माझी स्वतःची पद्धत. ताईकडेही दोन्ही लावली होती.

तर एका रविवारी ताई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "छोट्या, हसू नकोस. आंघोळीला गेले की खिडकीबाहेर कोणीतरी उभं असतं."

तिच्या बाथरूमला छताजवळ काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे, धुरकट काचेची.

"कोण?" मी विचारलं.

"बाई असावी. हात पसरून उभी असते. हलते. पण पाय नाहीत रे तिला."

खरं सांगतो, मला आनंद झाला. चारशे बारा सिनेमे बघून झाले होते, आणि आता कुठे हे आपल्या घरात आलं. बायको म्हणाली, "अहो, मागच्या बाजूला जाऊन बघून या ना एकदा." मी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. बाहेर जाऊन बघणारा माणूस पहिल्या वीस मिनिटांत मरतो, हे तिला कोण सांगणार? नियम साफ आहे. बाहेर जायचं नाही. दारं-खिडक्या बंद करायच्या आणि आत थांबायचं.

मी संध्याकाळी ताईकडे गेलो, हत्यारांची पिशवी घेऊन. खिडकीच्या मापाचा प्लायवूड कापला, ठोकला, कडेने सिलिकॉन भरलं. काम सुबक झालं. माझं काम सुबकच असतं. त्या पिशवीत स्टिकरांची गड्डी होती, ती बाजूला सारून मी सिलिकॉनची नळी काढली, हेही मला आठवतं. ताई स्टुलाशेजारी उभी राहून खिळे हातात देत होती. म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं आहे बाबा."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन, बाई दिसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "छोट्या, ती आता आत आलीय."

आंघोळ करताना छातीवर कोणीतरी हात ठेवून दाबतंय, असं तिला वाटायला लागलं. कानात कुजबुज. डोकं फुटतंय की काय असं व्हायचं. बाथरूमबाहेरच्या बोळात तिच्या लव्हबर्डचा पिंजरा टांगलेला होता. एका सकाळी ती बाहेर आली तर दोघांतला एक खाली पडलेला. मी तो हातात घेऊन बघितला आणि माझ्या अंगावर काटा आला. दुःखाने नाही हो, कौतुकाने! कारण सिनेमात जनावराला नेहमी आधी कळतं. आधी कुत्रा भुंकतो, मग मांजर फिस्कारतं, मग पक्षी मरतो. इतकं शिस्तीचं भूत मी बघितलं नव्हतं. मी वहीत नवीन पान काढलं आणि वर लिहिलं, 'ताईचं घर'.

जुळवाजुळव मी पक्की केली. बाहेर होती ती बाई मी खिडकी बंद केल्यामुळे आत अडकली, म्हणून चिडलीय. रविवारी ताई आमच्याकडे असते तेव्हा ठणठणीत असते, म्हणजे ही बाई घराला बांधलेली. फक्त एका गोष्टीसाठी मी भुताचे मार्क कापले. सकाळी सव्वासहाची वेळ! अरे, भुताने काही मान ठेवावा की नाही वेळेचा? शाळेच्या बससारखं येतंय जातंय.

ताई वाळत चालली. बसच्या पायरीवर एकदा तिचा तोल गेला, एका मुलीने तिला धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती रडली माझ्यासमोर. म्हणाली, "मुलांच्या जिवाची जबाबदारी आहे रे माझ्यावर. मीच पडायला लागले तर मला काढून टाकतील. डॉक्टरला दाखवू का?"

"डॉक्टर काय सांगणार?" मी म्हणालो. "दगदग होतेय, विश्रांती घ्या. आजवर एका तरी डॉक्टरला भूत कळलंय का?"

बायकोने ताटं उचलता उचलता मान वर केली. "अहो, हे सगळं तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाने सांगितलं असतं, तर काय म्हणाला असतात?"

"गिऱ्हाइकाचं वेगळं," मी म्हणालो. आणि विषय संपवला. हे वाक्य मला आजही जेवताना आठवतं आणि घास फिरतो तोंडात.

मग मी ठरवलं की पुरावा गोळा करायचा. बुधवारी सकाळी सहालाच ताईकडे जाऊन बसलो, बोळात, स्टुलावर, मोबाईल चार्ज करून. बाहेर उजाडत होतं, दूधवाल्याची सायकल जात होती. ताई टॉवेल खांद्यावर टाकून आली. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं.

"तू इथेच आहेस ना?"

"इथेच आहे गं. तू जा निर्धास्त."

तिने आतून कडी लावली. गिझर भप्पकन पेटल्याचा आवाज आला. बावीस वर्षांत हजारदा ऐकलेला आवाज. पाचेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात माझा फोन वाजला. एक गिऱ्हाईक, गेल्या महिन्यातलं. म्हणे, गिझर लावला की बायकोला गरगरतं, डोकं दुखतं.

मी भडकलो. सकाळी सकाळी असला मूर्खपणा! "खिडकी बंद केलीय ना?" म्हणालो. "हो? का, तर थंडी वाजते? अहो, अक्कल कुठे गहाण ठेवलीत? दारावर एवढं मोठं स्टिकर कशाला लावून ठेवलंय मी, शोभेला? आधी गिझर बंद करा, दार उघडा, त्यांना बाहेर घ्या. आत्ताच्या आत्ता! माणूस मरतो असल्याने!"

फोन ठेवला. अजून पुटपुटतच होतो, लोकांना मेंदू कशाला दिलाय देवाने म्हणून. मग कॅमेरा चालू केला आणि दारावर रोखला.

आत बादली पडली.

आलं! मग ताईचा आवाज आला, पण तो ताईचा नव्हता. जड, ओढलेला, खोल विहिरीतून आल्यासारखा. "छो... ट्या..." आवाज बदलणं, ही तर शेवटची पायरी! चारशे बारापैकी दोनशे सिनेमांत आहे ती! मी मोबाईल दाराजवळ नेला आणि कुजबुजलो, "ताई, अजून एकदा बोल. जरा मोठ्याने."

ती अजून एकदा बोलली. मग काहीतरी जड वस्तू दाराला घासत खाली गेली.

मी चित्र मोठं केलं. दार जवळ आलं, आणखी जवळ आलं, आणि पडद्यावर लाल अक्षरं भरून राहिली. 'गिझर चालू असताना खिडकी उघडी ठेवा. जिवाशी खेळू नका.' खाली माझा नंबर.

मी ते वाचलं. मी म्हणजे कोण, तर ते लिहिणारा. काय ओरडलो ते ठाऊक नाही, पण खांद्याने दार फोडलं. कडीसकट लाकूड निघालं. ताई दाराशीच पडलेली, ओठ लालभडक, टॉवेल मुठीत घट्ट. गॅस बंद केला, तिला काखेत धरून ओढत बाहेर अंगणापर्यंत आणलं. तिच्या गालावर थापट्या मारत होतो आणि म्हणत होतो, "ताई, बघ ना. ताई, बघ ना माझ्याकडे." दूधवाल्यानेच अॅम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात तिला ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सगळं विचारून घेतलं, लिहून घेतलं, आणि पेन आपटून म्हणाल्या, "गिझर असलेल्या बाथरूमची खिडकी ठोकून बंद केली? कोण हो तो दीडशहाणा? पोलिसांत द्यायला पाहिजे असल्या माणसाला."

मी हात वर केला, वर्गात करतात तसा. शेजारी उभ्या असलेल्या बायकोने तो धरून खाली केला.

दुपारी ती ताईचे कपडे आणायला घरी जाऊन आली. पिशवी ठेवली आणि म्हणाली, "मागच्या बाजूला जाऊन बघून आले."

"काय आहे?"

"शेजारणीचा गाऊन. रात्री धुते आणि पहाटे हँगरला लावून तुमच्या ताईंच्या खिडकीसमोरच्या तारेवर अडकवते."

"किती वेळ लागला बघायला?"

"एक मिनिट," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी जाऊन मी वही काढली. 'ताईचं घर' या पानावर माझं नाव लिहिलं आणि पुढे मार्क लिहायला गेलो. पंच्याण्णव कॅमेरावाल्याचे. पण तो निदान मेकॅनिक तरी नसतो. शंभरात बसेना, म्हणून जागा तशीच मोकळी सोडली. त्या वहीत पुन्हा काही लिहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताई उठून बसली. चहा प्यायली. म्हणाली, "शाळेत कळवलंस ना? बसवर कोण आहे आता?" कळवलं होतं. मी पलंगाच्या कडेला बसून तिच्या चादरीच्या चुण्या सरळ करत होतो.

"तो व्हिडिओ दाखव," ती म्हणाली.

"कसला व्हिडिओ?"

"छोट्या, मी बेशुद्ध पडले होते, बहिरी नव्हते झाले. 'अजून एकदा बोल, जरा मोठ्याने.' कोण म्हणत होतं, ती बाई?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. "ताई, मी ते काढून टाकतो. नको बघूस."

"आण इकडे."

मी मोबाईल दिला. एकेचाळीस सेकंदांचा आहे तो. मी मोजलेत, पण बघितलेला नाही. तिने तो मांडीवर ठेवला आणि चालू केला. बादली पडली. मी तोंड फिरवायला गेलो, तर ताईने दुसरा हात पुढे केला आणि माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवला. सलाइनची चिकटपट्टी माझ्या नाकाला टोचत होती.

"मला माफ कर गं," मी म्हणालो.

"गप्प बस. अजून संपलं नाहीये."

तिचा आवाज आला, तो जड, ओढलेला. मग माझा, हावरट, कुजबुजता. मग दाराला घासत काहीतरी खाली गेलं. तिच्या बोटांमध्ये फट होती, लहानपणी असायची तशीच. मी डोळे गच्च मिटून घेतले होते.

मोबाईल शांत झाला. ताईने सुस्कारा सोडला.

"झालं," ती म्हणाली. "आता बघ."

तिने हात काढायला घेतला, पण मी तो दोन्ही हातांनी डोळ्यांवर तसाच दाबून धरला.